मोठेबाबांची तोफ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि वर्तमानपत्रातल्या ज्या लोकांबरोबर निम्मं आयुष्य काढलं त्यांनाही नाही. प्रसंग आला नाही असं म्हणता येणार नाही. आला, अनेकदा आला, आणि प्रत्येक वेळी मी विषय बदलला. विषय बदलणं मला चांगलं जमतं.

मी वाशीमला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात नोकरी केली. आधी बातमीदार, मग उपसंपादक. कोण म्हणालं, कुठे म्हणालं, कुणासमोर म्हणालं, एवढं विचारल्याशिवाय मी दुसऱ्याची ओळ पुढे जाऊ देत नसे. नवी मुलं कंटाळत. तर आज तीच शिस्त स्वतःला लावून पाहतो. जमेल का? माहीत नाही. मध्येच थांबलो तर समजून घ्या — किंवा घेऊ नका.

आधी माणूस सांगतो. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको ती मोठाई. अनसिंगजवळ आमची विहिरीवरची बागायत आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडायचं आणि वाशीमच्या बाजारात न्यायचं. मी शाळेत असताना वडील गेले. मोठेबाबा तेव्हा नौदलात होते. नोकरी वाढवून मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. परत आले, दोन्ही घरांची बागायत अंगावर घेतली आणि मला अकोल्याला कॉलेजात पाठवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मी तुमचं मन हलावं म्हणून सांगत नाही. मी कुणाशी वागलो ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच.

आता जहाज. नाव लिहीत नाही. ती हलकी क्रूझर जातीची युद्धनौका होती. यातलं 'हलकी' वजनावरून येत नाही, तोफेच्या नळीच्या मापावरून येतं. आराखडा महायुद्धाच्या गरजेतून काढलेला होता. वेगाने धावायचं, व्यापारी जहाजांची राखण करायची आणि वेळ आली तर आपल्यासारख्याच जहाजाशी तोफांनी लढायचं. चिलखत पातळ, कारण ते जाड केलं की वेग जातो. पण जहाज बांधून पुरं होईपर्यंत युद्ध संपलं. थोड्याच वर्षांत क्षेपणास्त्रं आली आणि ज्या प्रकारच्या लढाईसाठी ते आखलं होतं, ती लढाईच जुनी झाली. शिवाय आराखडा थंड समुद्रांसाठी होता. आपल्याकडच्या पाण्यात पोलाद तापायचं आणि खालच्या मजल्यांवरची माणसं भाजून निघायची. यातलं बरंचसं मी नंतर वाचून मिळवलं. मोठेबाबा फक्त म्हणायचे, "भट्टी होती बाप्पा. पान्यावरची भट्टी."

अशा जहाजाने शांततेच्या काळात करायचं काय? नव्या अधिकाऱ्यांना शिकवायचं. दूरदूरच्या बंदरांत जाऊन आपला झेंडा दाखवायचा. आणि पाहुणचार करायचा. बंदरात नांगर पडला की डेकवर कापडी छत चढायचं, रंगीत दिवे लागायचे, तोफांच्या नळ्या उचलून बाजूला फिरवायच्या म्हणजे टेबलांना जागा व्हायची. त्या देशाची बडी माणसं बायकापोरांसह यायची, सरबत प्यायची, भजी खायची, जहाजाचं कौतुक करून जायची. त्या काळात त्या जहाजाचं खरं काम कुणी केलं असेल, तर ते हातात तबक घेतलेल्या माणसांनी केलं.

मोठेबाबा त्या माणसांपैकी होते. ते स्टुअर्ड होते. अधिकाऱ्यांच्या जेवणघरात वाढायचं, मांडायचं, उचलायचं, हे त्यांचं काम. स्वयंपाकघर एकीकडे आणि जेवणघर दुसरीकडे. जहाज आखणाऱ्यांनी तोफांचा विचार आधी केला होता, जेवणाचा मागाहून. त्यामुळे गरम भांडी घेऊन अरुंद जिन्यांवरून, डुलत्या मजल्यावरून जावं लागायचं. समुद्र खवळला की टेबलावरची चादर पाण्याने ओली करायची, म्हणजे ताटल्या घसरत नाहीत. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांच्या तिथल्या सगळ्या वर्षांत त्या जहाजाने शत्रूवर एकही गोळा टाकला नाही, आणि याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं.

"आमच्या जहाजानं कोनाचं काई बिघडवलं नाई," ते म्हणायचे. "जिथं गेलो तिथं लोकाइले खाऊ घातलं."

मग मला कशाची लाज वाटत होती?

अकोल्याच्या वसतिगृहात एका मुलाने फौजेतल्या काकाचा फोटो भिंतीला लावला होता. गणवेश, छातीवर फिती. मुलं फोटोपुढे उभी होती आणि मी म्हणालो की माझे मोठेबाबा नौदलात तोफेवर होते. कुणी विचारलंही नव्हतं. आमच्याकडे वाढपी म्हणजे लग्नाच्या पंगतीत वरणाची बादली घेऊन धावणारा माणूस. त्याचं नाव कुणी विचारत नाही, त्याला 'ए, इकडं' म्हणतात. मला तो माणूस माझ्या घरात नको होता. बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, कॉलेजातल्या पोराची थाप. मी सांगायला बसलो ते हे नाही. पण तिथवर जायला हाच रस्ता आहे.

थाप माझ्याबरोबर नोकरीतही आली. कधी चहाच्या टपरीवर, कधी अंक छापायला गेल्यावर, मी ती सांगत राहिलो. मग एका वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या पुरवणीसाठी जिल्ह्यातल्या माजी सैनिकांवर लेख हवे होते. आमचे संपादक मोठ्याने बोलणारे, मोकळे गृहस्थ होते. म्हणाले, "अहो, जिल्ह्यात धड तलाव भरत नाई अन् तुमच्या घरात जहाजावरचा तोफची बसला आहे! दुसरा कोन लिहिणार?"

मी तेव्हा नाही म्हणू शकलो असतो. आजारी पडू शकलो असतो. त्याऐवजी मी अनसिंगला गेलो आणि मोठेबाबांसमोर बसलो. त्यांनी सगळं सांगितलं — ओली चादर, अरुंद जिना, कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्या बाईने भज्याची कृती विचारली आणि यांनी हातवारे करून कांदा कसा चिरायचा ते दाखवलं, ते. मी मान हलवत ऐकलं. वाशीमला आलो आणि दुसरंच लिहिलं. तोफेच्या पोलादी खोलीतला कोंडलेला धूर लिहिला. खालून वर येणारा गोळा, कानात दिवसभर वाजत राहणारी शिटी. लढाई झाली असं कुठे म्हटलं नाही, पण झाली नाही असंही म्हटलं नाही. वाचणाऱ्याने काय समजावं याची नीट काळजी घेतली. तेवढं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मोठेबाबांनी तो लेख वांग्याच्या वाफ्याशेजारी बसून वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "भाऊ, हा मानूस भारी आहे बुवा. मले भेटव ना याले एखाद्या दिवशी."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तुमी लोकाइच्या चुका छापता ना दुसऱ्या दिवशी? तशा दोन ओयी टाकून दे. का मानूस वाढाले होता मनून."

दुसऱ्या दिवशीचे ते खुलासे आमच्या कार्यालयात मीच लिहीत असे. कुणाचं आडनाव चुकलं, कुणाच्या गावाचा तालुका चुकला, त्यांच्या दोन-दोन ओळी. मी म्हणालो, "टाकतो." त्यांनी पुढे आणखी एकदा आठवण केली. मग नाही केली.

हे इथे संपलं असतं तर मी आज लिहीत बसलो नसतो.

त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाला गावच्या शाळेने मोठेबाबांना ध्वजारोहणासाठी बोलावलं. ते नको म्हणत होते. मुख्याध्यापक घरी आले, सरपंच आले, मोठाईने पेटीतून धुतलेला सदरा काढून दिला. मीही गेलो, आणि माझ्या आग्रहाने आमचे संपादकही आले. हा आग्रह मी का केला? मला मिरवायचं होतं. दुसरं कारण सापडत नाही.

झेंडा झाला. शाल झाली, नारळ झाला. मुख्याध्यापकांनी माझ्या लेखातला तो धुराचा भाग वाचून दाखवला आणि मोठेबाबांकडे वळून म्हणाले, "आता आबासाहेबांनी मुलांना सांगावं, तोफ कशी चालवत होते."

मोठेबाबा उभे राहिले. ध्वनिक्षेपक जरा लांब धरून बोलले. त्या वाक्यांतला एकही शब्द मी विसरलेलो नाही.

"पोराहो, म्या तोफ कधी चालवली नाई. तोफेवरचे गडी दुसरे होते. म्या साहेबाइले जेवन वाढलं. चांगलं वाढलं. कोनाच्या अंगावर कधी रस्सा सांडला नाई, एवढं जहाज हालत होतं तरी."

पुढच्या रांगेतली मुलं हसली. मागची हसली. एका शिक्षकाने तोंडावर हात धरला. मुख्याध्यापक हातातल्या कात्रणाकडे पाहत राहिले. आणि आमच्या संपादकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आता ते सांगतो.

मी उठलो. मंचावर गेलो. मोठेबाबांच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला — ओढला नाही, त्यांनीच दिला, त्यांना वाटलं असावं की मी आता खरं सांगणार. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मोठेबाबांचं वय झालं. आताशा ते बऱ्याच गोष्टी विसरतात. कधी आपली गोष्ट दुसऱ्याची समजतात, दुसऱ्याची आपली. आपण त्यांना सांभाळून घेऊ या."

मग टाळ्या वाजल्या. हसलेल्या मुलांना मास्तरांनी डोळे वटारून दाखवले. संपादकांनी डोळे पुसले — खरंच पुसले.

माझ्या हाताखाली मोठेबाबांचा खांदा होता. तो हलला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि संपादकांकडे पाहिलं. मग शालीची घडी घातली, बगलेत धरली आणि खुर्चीत जाऊन बसले. तिथेच मला खोटं पाडलं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे त्यांना त्या एका नजरेत कळलं होतं, असं मला वाटतं. पण हा माझा तर्क आहे, आणि तर्क छापायचा नसतो असं मीच नव्या मुलांना शिकवायचो.

धडधाकट माणसाला मी गावासमोर भ्रमिष्ट ठरवलं. ज्या माणसाचा शब्द बाजारात चालायचा, त्याचा.

तुम्हाला खेड्यातलं माहीत असेल. तिथे कुणी क्रूर होत नाही, सगळे प्रेमळ होतात. लोक त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले. "आबा, तोफ कशी होती?" कुणी विचारायचं. ते म्हणायचे, "म्या वाढाले होतो, गा." लगेच विचारणारा बाजूच्याला डोळा मारायचा आणि म्हणायचा, "हाव आबा, बरोबर आहे." बाजारात त्यांचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक मेथीच्या जुड्या स्वतः पुन्हा मोजू लागलं. त्यांनी दिलेला भाव शेजारच्या बाईला विचारून पक्का करू लागलं. पेरणी कधी करायची हे सांगितलं तरी गडी माझ्याकडे पाहायचा. माझ्या बायकोने — तिचा यात काही दोष नाही, मी सांगितलेलंच ती खरं मानत होती — त्यांना गॅस पेटवू नका म्हणून सांगितलं. ज्या माणसाने खवळलेल्या समुद्रात उकळतं सूप एक थेंब न सांडता नेलं, त्याला घरात स्वतःचा चहा करायची बंदी झाली.

एक मोठाई सोडली तर कुणालाच शंका आली नाही. तिला खरं ठाऊक होतं, ती त्या काळात त्यांच्याबरोबर मुंबईला राहिली होती. ती मला काही म्हणाली नाही. तेव्हा नाही.

मग डॉक्टर. मोठेबाबांचे गुडघे दुखत होते म्हणून मी त्यांना वाशीमला दाखवायला नेलं. मोठाई बरोबर होती. डॉक्टर ओळखीचे, त्यांच्या कानावर शाळेतलं आलेलं होतं. गुडघे पाहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "आणि ते विसरण्याचं कसं काय? कधीपासून आहे?"

खोलीत आम्ही चौघंच होतो. संपादक नव्हते, सरपंच नव्हते, मुलं नव्हती. मोठेबाबा माझ्याकडे वळून बसले. त्यांनी ती जागा माझ्यासाठी मोकळी सोडली होती, हे मला तेव्हाही कळलं. मी म्हणू शकलो असतो — गैरसमज झाला, त्यांना काही झालेलं नाही. पण डॉक्टर बोलले असते, गावात गेलं असतं, गावातून कार्यालयात. मी म्हणालो, "झालं वर्षभर. झालेलं आणि न झालेलं, यात त्यांची गल्लत होते."

डॉक्टरांनी मोठेबाबांना आज कोणता वार आहे ते विचारलं. मोठेबाबांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "आठवत नाई, साहेब."

त्या दिवशी वाशीमचा आठवडी बाजार होता. आम्ही बाजारातूनच आलो होतो.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी त्या न कुरकुरता घेतल्या. दुपारी त्यांना झापड येऊ लागली. विहिरीच्या कडेला बसल्या बसल्या मान खाली पडायची म्हणून आम्ही त्यांना एकटं मळ्यात जाऊ देईनासे झालो. मग त्यांचं बाजारात जाणं बंद झालं. मग ते ओसरीवरच्या बाजेवर राहू लागले.

तेव्हा मोठाई एकदा बोलली. मी गोळ्यांचं पाकीट घेऊन आलो होतो. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"तुले मालूम आहे," ती म्हणाली. "मले मालूम आहे. त्याइले मालूम आहे. मंग ह्या गोया कोनासाठी रे?"

मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय. तिने पाकीट कोनाड्यात ठेवलं आणि वेळ झाल्यावर गोळी दिली. कारण त्यांनी हात पुढे केला होता.

मी त्यांना आयुष्यभर हुशार माणूस म्हणून ओळखत होतो, तरी मी त्यांच्याशी एकदाही एकटा बोललो नाही. बोलायला काय लागत होतं? बाजेच्या कडेला बसायचं आणि 'मोठेबाबा, माझं चुकलं' म्हणायचं. तीन शब्द. दिवसाकाठी हजारो लिहीत होतो. पण मी रविवारी यायचो, फळं आणायचो, पाय दाबून द्यायचो. गाव म्हणायचं, पुतण्या असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो. खरं सांगू? ऐकायला बरं वाटायचं.

पुढे काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न झालं. व्याही शेलूबाजारचे, बोलके, माणसांची हौस असलेले. मोठेबाबा बाजेवरून फारसे उठत नाहीत असं कळल्यावर ते मुद्दाम भेटायला आले. मोठाई तोवर गेली होती. चहा झाला. व्याही खुर्ची ओढून बाजेजवळ बसले आणि म्हणाले, "आबा, तुमच्या जहाजाबद्दल लय ऐकलं बुवा. तोफेवर होते ना तुमी?"

मला वाटलं, आता ते म्हणतील — म्या वाढाले होतो. मी माझं ठरलेलं हसू तयार ठेवलं होतं. व्याह्यांना डोळ्यांनी खूण करायची, तीही तयार होती.

मोठेबाबा म्हणाले, "हाव. तोफेवर होतो."

आणि ते सांगू लागले. पोलादी खोलीतला कोंडलेला धूर. खालून वर येणारा गोळा. कानात दिवसभर वाजत राहणारी शिटी. माझीच वाक्यं, त्यांच्या बोलीत. व्याही गुडघ्यावर थाप मारून दाद देत होते. माझी मुलगी उंबऱ्यात उभी राहून अभिमानाने ऐकत होती.

ते खरंच विसरले होते का? मी म्हणालो होतो ते शेवटी झालं होतं — वयाने, गोळ्यांनी, की इतकी वर्षं कुणी खरं मानेना म्हणून? की त्यांना सगळं आठवत होतं आणि मुलीच्या सासऱ्यासमोर ते मला सांभाळून घेत होते? मला माहीत नाही. कळून घ्यायचा एकच मार्ग होता, त्यांना विचारणं. मी विचारलं नाही. ते गेले त्यालाही आता काळ लोटला.

सांगता सांगता ते मध्येच अडले. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहू लागले.

"भाऊ," ते म्हणाले, "माही तोफ कोनती होती रे? पुढची का मागची?"

हे मी लेखात लिहिलं नव्हतं. कुठेच लिहिलं नव्हतं. व्याही माझ्याकडे पाहत होते, मुलगी पाहत होती. मोठेबाबांचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

मी म्हणालो, "मागची."

"हाव," मोठेबाबा म्हणाले. "मागची." आणि पुढे सांगू लागले.